ड्रुसिला मावशीची दुसरी परीक्षा

बेटावरच्या आमच्या तालिवोसा गावाचा दवाखाना म्हणजे पत्र्याच्या छपराच्या दोन खोल्या, पावसाच्या पाण्याची टाकी आणि ड्रुसिला मावशी. तिचं पूर्ण नाव ड्रुसिला मानेघा. मिशनच्या इस्पितळात दोन वर्षं मदतनीस म्हणून शिकून ती सव्वीस वर्षांपूर्वी इथे आली, इथल्याच जुडाशी तिने लग्न केलं आणि मग कुठे गेलीच नाही. माझी दोन्ही मुलं तिच्या हातांत जन्मली. मी इथल्या प्राथमिक शाळेचा मास्तर. गावात इंग्रजी लिहिणारं दुसरं कोणी नाही, म्हणून दवाखान्याच्या समितीचा सेक्रेटरीही मीच. त्यामुळे जे घडलं ते मी अगदी जवळून पाहिलं.

सरकारने आरोग्यसेवेची घडी नव्याने बसवायची ठरवली, तेव्हा आम्हाला आनंदच झाला होता. तोवर औषधं यायची ती बोटवाल्यांना आठवण झाली तर. मलेरियाची वही वेगळी, बाळंतपणाची वेगळी, क्षयाची वेगळी, अशा अकरा वह्या मावशी आकडे आणि खुणा टाकून भरत बसायची आणि त्या कोण वाचतं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. नव्या योजनेत एकच वही होती. दर तीन महिन्यांनी औषधांची पेटी ठरलेली होती. कोणत्या दवाखान्याने काय करायचं आणि काय पुढे पाठवायचं हे स्वच्छ लिहिलेलं होतं. रविवारी प्रार्थनेनंतर मी ते सगळं आमच्या भाषेत वाचून दाखवलं. माणसं माना डोलावत ऐकत होती. शेवटून दुसऱ्या पानावर मात्र माझी जीभ अडली.

तिथे लिहिलं होतं, की ज्या दवाखान्यात नोंदणी झालेली परिचारिका नसेल तो वर्षभरात बंद होऊन जवळच्या मोठ्या केंद्रात सामील होईल. आमच्यासाठी ते केंद्र होतं मारासे. नकाशात नऊ किलोमीटर. पण मधे तीन नद्या आणि समुद्रात घुसलेला एक उभा कडा. समुद्र शांत असेल तर होडीने तासाभरात पोचता येतं. मे ते ऑक्टोबर लाटा अशा फुटतात, की दुपारनंतर कोणी होडी पाण्यात घालत नाही.

मावशी मागच्या बाकावर नातीला मांडीवर घेऊन बसली होती. तिच्याजवळ नोंदणी नव्हती, आणि मिशनने दिलेला जुना कागद चक्रीवादळात घराबरोबर गेला होता.

परिचारिका पाठवायचा प्रयत्न झाला नाही असं नाही. प्रांताचे आरोग्य अधिकारी सेल्विन तोहिरा हा सरळ माणूस. त्यांनी वर्षभरात तिघांना पाठवलं. पहिली सहा आठवडे राहिली. दुसरीने बोटीतूनच आमच्या किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटा पाहिल्या आणि ती उतरलीच नाही. तिची पेटी तेवढी उतरली, ती पुढच्या बोटीने परत पाठवावी लागली. तिसरा मुलगा चांगला होता. मावशीच्या हाताखाली चार महिने आनंदाने राहिला. पण त्याची बायको आजारी पडली आणि त्याला जावं लागलं. जाताना तो रडला, मावशीने त्याला वाटेसाठी पानात बांधून भाजलेली रताळी दिली.

तोहिरा स्वतः एकदा आले तेव्हा माझ्या ओट्यावर बसून सुपारी चघळत म्हणाले, "मास्तर, माझ्याकडे दवाखाने एकोणीस आणि परिचारिका अकरा. उरलेल्या आठ मी कुठून जन्माला घालू?"

मग मुदत संपत आली तेव्हा त्यांनीच वर भांडून एक वाट काढली. जुने मदतनीस परीक्षा पास झाले, तर त्यांना ग्रामपरिचारिका असं पद द्यायचं आणि त्यांचा दवाखाना चालू ठेवायचा. परीक्षा इंग्रजीत, लेखी, साठ प्रश्न, दिलेल्या उत्तरांतल्या एकावर खूण करायची. आमच्या किनाऱ्यावरचे आणि पलीकडच्या किनाऱ्यावरचे मिळून चौदा मदतनीस, काही दवाखान्यांत दोन-दोन, डिसेंबरात प्रांताच्या गावी जाऊन बसले. पास झाले तिघं. मावशीला साठपैकी एकवीस गुण मिळाले.

ती परतली आणि दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडलाच नाही. सरळ डोंगरावरच्या आपल्या बागेत निघून गेली. तापलेली पोरं कडेवर घेऊन बायका तिथेच चढून गेल्या, तर ती तारोचे कंद खणता खणता, मान वर न करता त्यांना म्हणाली, की मला काही येत नाही असं कागदावर लिहून आलंय, तुम्ही मारासेला जा. बायका तिथेच बसून राहिल्या. थोड्या वेळाने तिने हात धुतले आणि पोरांना पाहिलं, पण दवाखान्यात काही आली नाही. असे दोन दिवस गेले.

तिसऱ्या दिवशी मी तिने परत आणलेली प्रश्नपत्रिका घेऊन बागेत गेलो. जुडा कुंपण बांधत होता. त्याने मला नजरेने खुणावलं, की जपून. मी काही समजूत घालायला गेलो नाही. एका दगडावर बसलो आणि पहिला प्रश्न आमच्या भाषेत तिला विचारला. दोन महिन्यांच्या बाळाचा श्वास मिनिटाला किती झाला की तो जलद समजायचा? तिने खणणं न थांबवता उत्तर दिलं. बरोबर. दुसरा विचारला. बरोबर. असं करत साठही प्रश्न झाले, त्यांतले बावन्न तिने बरोबर सांगितले. प्रश्न तिला कळलेच नव्हते, उत्तरं बहुतेक सगळी ठाऊक होती.

मी ते सगळं लिहून तोहिरांना पाठवलं. त्यांनी माझं पत्र राजधानीला धाडलं, आणि जानेवारीत, समुद्र तेलासारखा शांत असताना, ज्या बाईंनी ती परीक्षा काढली होती त्याच आमच्याकडे येऊन उतरल्या. डॉक्टर मेरोलिन साके. पन्नाशीच्या, उंच, केस बारीक कापलेले, कमी बोलणाऱ्या. सगळं गाव दवाखान्यासमोर जमलं होतं. आमचे मुखिया घसा साफ करून भाषणाला उभे राहिले, तर बाईंनी नम्रपणे सांगितलं, की मी आधी काम बघते, भाषण मग ऐकते.

दिवसभर त्या कोपऱ्यात स्टुलावर बसून होत्या. संध्याकाळी त्यांनी मावशीला, मला आणि मुखियांना समोर बसवलं. मुखियांनी विचारलं, की झालं ना समाधान, आता द्या कागद. बाईंनी नकारार्थी मान हलवली. मावशीचा हात आणि डोळा आपल्या कितीतरी परिचारिकांपेक्षा चांगला आहे, हे त्यांनी कबूल केलं. मग कपाटातली एक बाटली काढून मावशीपुढे धरली.

"ड्रुसिलाबाई, ही कशाची आहे?"

"खोकल्याची. लाल झाकणाची ती खोकल्याची."

"वरचं वाचा."

मावशीने बाटली डोळ्यांजवळ नेली. बाटलीवर बारीक इंग्रजी होतं.

"तुम्ही झाकण बघून औषध देता. उद्या लाल झाकणात दुसरं काही आलं तर?"

मुखिया चिडले. सव्वीस वर्षांत एकही चूक झाली नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. बाई शांतपणे म्हणाल्या, की सव्वीस वर्षं औषधं एकाच ठिकाणाहून येत होती. आता नवी व्यवस्था आहे, पेट्या अनेक ठिकाणांहून येतील, रंग बदलतील. मी तुमच्या मावशीला खूश करायला आज पास केलं, तर पुढे एखादं लेकरू त्याची किंमत मोजेल.

मला राग आला होता, आणि बाईंचं बरोबर आहे हेही कळत होतं. मावशीकडे पाहिलं, तर ती बाटली हातात घेऊन उलटसुलट करत होती. शेवटी तिनेच विचारलं, "किती दिवस देता?"

बाईंनी सहा महिने दिले. परीक्षेची पद्धत मात्र त्यांनी तिथल्या तिथे बदलली. लेखी साठ प्रश्न बाद. जुलैत त्या स्वतः येतील, मदतनीस आपल्याच दवाखान्यात, त्या दिवशी येतील तेच रुग्ण तपासेल, बोलेल आपल्या भाषेत. पण उपचाराचं पुस्तक आणि औषधावरची अक्षरं तिला स्वतः वाचता आली पाहिजेत. नापास झालेल्या अकराही जणांना हाच नियम, आणि तोवर कोणाचा दवाखाना बंद व्हायचा नव्हता.

दुसऱ्या आठवड्यापासून मावशी दुपारी शाळेत यायला लागली. सहावीच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायची. बाक लहान, मावशी ऐसपैस, त्यामुळे एक पाय कायम बाहेर. वाटेवर सुपारी विकत बसणारे म्हातारे तिला रोज छेडायचे.

"काय ड्रुसिला, आज गृहपाठ केलास का? नाहीतर मास्तर उभं करेल हं."

"तुझ्या पायावरची जखम मीच बांधते, लक्षात ठेव," ती चालता चालता उत्तर द्यायची.

मी बरीच वर्षं शिकवतो आहे, पण असा विद्यार्थी मला मिळाला नाही. तिला गोष्टी नको होत्या, कविता नको होत्या. ती औषधांची रिकामी खोकी पिशवीतून घेऊन यायची आणि एकेक शब्द माझ्यापुढे टाकायची. मुदत संपण्याची तारीख. हलवून घ्या. शिरेत देऊ नये. आकडे तिला येत होते, पण आकड्यापुढची ती दोन-तीन अक्षरं, मिलिग्रॅम की मिलिलिटर, यांच्यात ती अडकायची. एकदा ती इतकी वैतागली, की खोकं खिडकीतून बाहेर फेकलं आणि मग स्वतःच जाऊन उचलून आणलं. मार्चमध्ये तिला शब्द जुळायला लागले. मे महिन्यात ती उपचाराच्या पुस्तकातलं पान बोट ठेवून, अडखळत का होईना, माझ्या मदतीशिवाय वाचायला लागली. जुडा सांगायचा, की ही आता घरात मीठ-साखरेच्या पिशव्याही वाचते आणि मग मला विचारते, तू वाचलंस का.

जुलै उजाडला. आमच्याकडे हा वाऱ्याचा महिना. औषधांची तिमाही पेटी आणि डॉक्टर मेरोलिन एकाच बोटीने आल्या. सोबत तोहिराही होते. किनाऱ्यावर उतरताना सगळे कमरेपर्यंत भिजले. बोटवाल्याने बजावलं, की उद्या सकाळी दहाच्या आत निघायचं, त्यानंतर वारा चढला की मी जबाबदार नाही.

परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सुरू झाली. मावशीने धुतलेला निळा झगा घातला होता. डॉक्टर मेरोलिन त्याच स्टुलावर, मांडीवर वही. मला आणि तोहिरांना दारात उभं राहायची परवानगी होती, बोलायची नव्हती. पहिले दोघं साधेच आले, एक कान दुखणारा आणि एक कोयता लागलेला. मावशीने ते व्यवस्थित हाताळले. बाई लिहीत होत्या, चेहऱ्यावर काही नाही.

आठच्या सुमाराला कोलोबाघीच्या टेकडीवरून केझाया नावाची तरुण मुलगी धावत आली. कडेवर पाच आठवड्यांचं बाळ. रात्रीपासून दूध ओढत नव्हतं. मावशीने त्याला चटईवर ठेवलं, अंगावरचं कापड काढलं आणि घड्याळ समोर धरून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. बहात्तर. बरगड्यांखालची कातडी प्रत्येक श्वासाला आत खेचली जात होती. तिने बाळाचं वजन केलं, चार किलो. पुस्तक उघडलं, पान काढलं आणि बोट ठेवून वाचलं. मग केझायाला समजावून सांगितलं, की हे माझ्या हातचं काम नाही, पहिला डोस मी इथे देते आणि तू लगेच मारासेला निघ, तिथे ऑक्सिजन आहे. केझायाने मान डोलावली.

इंजेक्शनं दोन होती. पहिलं झालं. दुसरं जेंटामायसिन, जंतू मारणारं. पेटी कालच आलेली. मावशीने तिच्यातून एक कुपी काढली. तीच बोटभर काचेची कुपी, गळ्याशी तोच निळा पट्टा, जशी ती सव्वीस वर्षं वापरत आली होती. एवढ्या बाळाला एक कुपी, हे तिच्या हाताला पाठ होतं. तिने कुपी फोडली, सुई आत घातली आणि औषध ओढायला सुरुवात केली.

आणि थांबली.

सुई तशीच ठेवून तिने कुपी खिडकीच्या उजेडात धरली. ओठ हलत होते. दारातून मला तिचे ओठ दिसत होते, ती अक्षरं जुळवत होती. डॉक्टर मेरोलिन म्हणाल्या, की वेळ जातोय, काही अडचण आहे का. मावशीने कपाटातून मागच्या पेटीतली एक रिकामी कुपी शोधून आणली, दोन्ही शेजारी धरल्या आणि पुन्हा वाचल्या.

मग म्हणाली, "डॉक्टरबाई, जुन्यात वीस होतं. यात ऐंशी आहे. कुपी तेवढीच, औषध चौपट. मी पाव कुपी देते. बघा बरोबर का."

डॉक्टर मेरोलिन उठल्या. त्यांनी कुपी हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवला, वाचली. एकदा वाचली, परत वाचली. मग फक्त एवढंच म्हणाल्या, "बरोबर. पाव."

मावशीने कुपीतल्या दोन मिलिलिटरपैकी अर्धा मिलिलिटर ठेवून बाकीचं टाकून दिलं आणि बाळाच्या मांडीत इंजेक्शन दिलं. हात जराही हलला नाही. दिल्यावर ती बाईंकडे वळली. मला वाटलं आता परीक्षेचं काही बोलेल. पण ती म्हणाली, "ही पेटी अजून कुठे कुठे गेली?"

तोहिरांच्या चेहऱ्याचा रंग उडाला. तशाच पेट्या त्याच बोटीने किनाऱ्यावरच्या आणखी सात दवाखान्यांत उतरल्या होत्या. मावशी तोवर दुसऱ्या खोलीतल्या वायरलेसपाशी पोचलीसुद्धा. सकाळची साडेआठची वेळ म्हणजे सगळ्या दवाखान्यांची हजेरीची वेळ. तिने एकेकाचं नाव घेऊन बोलावलं आणि आमच्या भाषेत, मग पिजिन या सगळ्या बेटांच्या सामाईक बोलीत, सावकाश सांगितलं, की निळ्या पट्ट्याची कुपी चौपट आहे, आकडा वाचा, पट्टा बघू नका. प्रत्येकाकडून ते वाक्य परत म्हणवून घेतलं. सहांनी पेटी उघडलीही नव्हती. सातवा, म्हातारा इश्माएल, त्याचा आवाज जरा उशिरा आला. त्याने सांगितलं, की एका बाळासाठी कुपी फोडून समोर ठेवली आहे. मग थोडी खरखर, आणि तो म्हणाला, "ओततोय. पाव ठेवतोय. ड्रुसिला, तू होतीस म्हणून बरं."

वायरलेस बंद करून मावशी जमिनीवरच बसली.

डॉक्टर मेरोलिन तिच्यापुढे खाली बसल्या. त्या बाई खाली बसतील असं मला वाटलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "मी तुमचा हात बघत होते. सुई कशी धरता, हवा कशी काढता. कुपीवरचा आकडा मी बघितला नाही. पेटी माझ्याच बोटीतून आली आणि मी बघितला नाही."

"जानेवारीत तुम्ही मला पास केलं असतं, तर मीही बघितला नसता," मावशी म्हणाली.

साडेनऊला बोट निघाली. बाईंनी आपलं सामान किनाऱ्यावर उतरवलं आणि त्या जागी केझायाला बसवलं. बाळ कापडात गुंडाळून तिच्या छातीशी. तोहिरा सोबत गेले. गावातले दहा-बारा पुरुष गळ्यापर्यंत पाण्यात उभे राहून बोट धरून होते आणि बोटवाला लाटा मोजत होता. सातवी फुटल्यावर त्याने हात वर केला, सगळ्यांनी एकदम ढकललं आणि बोट पलीकडच्या शांत पाण्यात पोचली. किनाऱ्यावर टाळ्या वाजल्या. दुपारी वायरलेसवर मारासेहून निरोप आला, की बाळ ऑक्सिजनवर आहे आणि रंग सुधारतोय. नवव्या दिवशी केझाया त्याला घेऊन परतली तेव्हा ते इतकं कर्कश रडत होतं, की टेकडीवरून उतरलेल्या तिच्या आजीने कानांवर हात ठेवले आणि हसत सुटली.

वारा उतरेपर्यंत डॉक्टर मेरोलिन चार दिवस आमच्याकडे अडकल्या. मुखियांनी जानेवारीपासून अडून राहिलेलं भाषण शेवटी ऐकवलंच, तेही चांगलं तासभर. पण बाईंनी त्या चार दिवसांत मोठा अहवाल लिहिला. माझ्याच टेबलावर लिहिला, म्हणून मला माहीत आहे. त्यात दोन गोष्टी होत्या. एक, की औषधाची ताकद बदलली तर कुपीचा रंगही बदललाच पाहिजे आणि पेटीआधी वायरलेसवर खबर गेली पाहिजे. दुसरी, की मदतनिसांची परीक्षा सगळ्या बेटांवर अशीच, त्यांच्याच दवाखान्यात व्हावी, आणि आधी सहा महिने त्यांना वाचायला शिकवावं. वर बराच वादही झाला म्हणतात. कोणीतरी म्हणालं, की यामुळे दर्जा घसरेल. त्यावर बाईंनी त्या दोन कुप्या टेबलावर ठेवल्या आणि दोन हात अंतरावरून फरक ओळखा म्हणाल्या. ओळखता आला नाही कोणाला.

वर्ष संपायच्या आत अकरांपैकी दहा पास झाले. इश्माएल नापास झाला होता, पण त्याला अक्षरांनी नव्हे, डोळ्यांनी दगा दिला होता. चष्मा मिळाल्यावर तोही पास झाला. आमच्या प्रांतात बंद होणारे आठही दवाखाने चालू राहिले. यादीत तालिवोसाच्या नावापुढे छापून आलं, ग्रामपरिचारिका, ड्रुसिला मानेघा. मी ते चर्चमध्ये वाचलं तेव्हा बायकांनी असा गलका केला, की पाद्रीबाबांना आमेन दोनदा म्हणावं लागलं. डुक्कर कापलं, तापलेल्या दगडांवर कसाव्याच्या कंदाचं पुडिंग शिजलं, बांबूचा बाजा संध्याकाळपर्यंत वाजत राहिला, आणि सुपारीवाल्या म्हाताऱ्यांनी मावशीला मधे उभं करून तिच्याभोवती नाच केला. ती लाजून पळायला बघत होती. तेव्हा जुडाने तिचा हात धरून ठेवला.

फेब्रुवारीत ती माझ्याकडे एक कागद घेऊन आली. चुका तपासून दे म्हणाली. डॉक्टर मेरोलिनना तिने स्वतः इंग्रजीत पत्र लिहिलं होतं, तिच्या आयुष्यातलं पहिलं. मायना नाही, प्रस्तावना नाही. लसी ठेवायला फ्रिज नाही, नव्या योजनेच्या बाराव्या पानावर तो लिहिलेला आहे, पान मी वाचलंय, कधी पाठवता? मी म्हटलं, मावशी, निदान वर एक नमस्कार तरी घाल. तिने विचार केला आणि नमस्कार घातला, तोही शेवटी, सहीच्या खाली.

सहा आठवड्यांनी फ्रिज आला. तो होडीतून उतरवायला सगळं गाव लागलं. मावशी काठावर उभी राहून खोक्यावरचं एकेक अक्षर मोठ्याने वाचत होती, हा बाण वर, ही बाजू वर, अरे वर म्हणजे वर, आणि लाटांतले पुरुष मुकाट्याने तिचं ऐकत होते.